लीना उतरली तो भाद्रपद

गणपती गेल्यावर आमच्या सांबऱ्यात, बेळगावच्या विमानतळाशेजारी, चार दिवस काही करावंसं वाटत नाही. मांडव उतरवलेला असतो, पण खांबांचे खड्डे कुणी बुजवलेले नसतात आणि त्यांत पाणी साठून राहतं. ओरडून ओरडून पोरांचे घसे बसलेले, ढोलाच्या कातड्याला ओल लागलेली. पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. कपडे वाळत नाहीत, घरभर दमट वास. पितरांचा पंधरवडा लागतो आणि जाणती माणसं सांगतात, या दिवसांत नवं काही काढू नये. मी म्हणते, काढायला राहिलंय तरी काय? भाद्रपदाच्या या उतरत्या दिवसांशी माझं भांडण आहे. भांडायला वैजूला कारण लागत नाही, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. लागत नसेलही. पण या भांडणाला आहे.

यंदा ते दिवस मल्लूच्या फोनवरून आले. मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन, गोकाककडचा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. आता तो पुण्यात असतो, पण उत्साहात आला की अजून अर्धं कन्नडच बोलतो.

"वैजक्का, बातमी बघितलीस काय? लीना बंदळु! परत आली! नव्या सीझनला, पयल्याच भागात!"

"बरं," मी म्हटलं.

"बरं काय बरं? अगं, तूच की बोंबलत होतीस, तिला परत आणा म्हणून. आख्ख्या जगाशी भांडलीस त्या इंटरनेटवर!"

व्हय, मीच बोंबलत होते. फोन ठेवल्यावर मी बाहेर पायरीवर येऊन बसले. घरावरून विमान गेलं, मुंबईचं की बेंगळूरचं कोण जाणे. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

मालिकेचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. परदेशी मालिका, अवकाशातली. तिथल्या अंधारात लांब लांब अंतरावर दिव्यांचे मनोरे आहेत, येणाऱ्याजाणाऱ्या यानांना वाट दाखवणारे, आणि ते सारखे बिघडतात. एक खवट म्हातारा कप्तान आपलं जुनाट यान घेऊन ते दुरुस्त करत हिंडतो. त्याच्याबरोबर लीना नावाची मेकॅनिक असते. बस्स, एवढंच. लढाया नाहीत, आगीचे लोळ नाहीत. एका भागात तर दोघं नुसता एक अडकलेला स्क्रू काढत बसतात आणि गप्पा मारतात. आमच्या ऑफिसात दिवसभर पंपांच्या आणि व्हॉल्व्हच्या ड्रॉइंगमध्ये डोकं घालून बसणाऱ्या माणसांना हे आवडलं नसतं तरच नवल. इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं 'दिवे' म्हणायचो. "रविवारी दिवे बघायचे न्हवं?" असं मल्लूनं विचारलं की साहेब चष्म्यावरून बघत म्हणायचे, "शुक्रवारपर्यंत काय दिवे लावलेत ते आधी दाखवा."

बघणारे आम्ही तिघं. मी, मल्लू आणि सुमती. सुमती आमच्याच ऑफिसातली, निपाणीची, जैनांच्या घरातली, वडिलांचा तंबाखूचा व्यापार. बेळगावात खोली घेऊन राहायची. बारीक अंगाची, जाड वेणीची, हसताना तोंडावर हात धरणारी. बोलायची कमी, पण एकदा बोलली की वाक्य तिथंच ठेवून मोकळी व्हायची, समजवत बसायची नाही. मला समजवत बसणारी माणसं आवडतात, कारण त्यांच्याशी भांडता येतं. हिच्याशी भांडताना मलाच दोन्ही बाजू सांभाळाव्या लागायच्या. आणि मला तिच्यावाचून करमायचं नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही, सांगायचं असतं हेही माहीत नव्हतं.

रविवारी दोघं आमच्या घरी यायची. मल्लू मोटारसायकलवरून, सुमती सिटीबसनं. सुमती दिवस मावळल्यावर जेवायची नाही, त्यामुळं जेवण साडेपाचला. पहिल्या खेपेला आईनं कपाळावर हात मारला. "साडेपाचला कोण जेवतंय गं? आमच्या म्हशीबी सहाला वैरण खात्यात." दोन महिन्यांत तीच सव्वापाचला स्वैपाकघरातून हाळी द्यायला लागली, "बंद करा ते दिवे! पोरीचं जेवाण ऱ्हाईल." कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही. चातुर्मासात पालेभाजीही नाही. आई आधी कुरकुरली, मग तिला त्यात गोडी वाटायला लागली. दोडका, कारलं, भेंडी, शेवग्याच्या शेंगा. शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं आणि हिंग. आमच्या घरात रविवारची भाजी ही अशी ठरून गेली. मल्लू बोटं चाटून म्हणायचा, "आई, तुमी जैन व्हायला हरकत न्हाय."

एकदा आम्ही तिघं जांबोटीला गेलतो. श्रावणातलं जांबोटी म्हणजे झाडं दिसत नाहीत, नुसता त्यांचा आवाज ऐकू येतो. परतीची बस कधी येईल ते तिथल्या माणसांनाही सांगता येत नव्हतं. "यील की," एवढंच म्हणायचे. मग चालत निघालो. मी आणि मल्लू लीना आणि कप्तानावरून वाद घालत पुढं, आणि सुमती मागं पडलेली. वळून बघितलं तर ती खाली बघत, पाऊल उचलून मध्येच थांबत, बाजूला टाकत येत होती. रस्त्यावर गोगलगायी, सुरवंट, वाळवीची पाखरं, काय काय पसरलेलं. मी म्हटलं, "सुमे, असं चाललीस तर दिवाळीला पोचशील घरी." ती म्हणाली, "म्हणून तर पावसाळ्यात मुनी चालत न्हाईत. एका जागी बसत्यात." मी म्हटलं, "मग तू पण बस." ती हसली, पण या खेपेला तोंडावर हात धरायचा विसरली. हे आता आठवतं. तेव्हा मला फक्त बसची काळजी होती.

शेवटचा भाग आला तो भाद्रपदात, चार वर्षांपूर्वी. तिच्या दशलक्षणाचे, म्हणजे जैनांच्या व्रताचे, दिवस चालू होते. त्या दहा दिवसांत ती एकदाच जेवायची, तेही सकाळी, त्यामुळं त्या रविवारी साडेपाचला आमची तिघांचीच पानं. ती उंबऱ्याशी बसून पावसाकडं बघत होती. भागाची गोष्ट अशी. त्या यानाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम असतो: मेकॅनिकला स्वतःहून उतरता येत नाही. कप्तानानं 'मोकळी' असा शब्द दिला तरच दार उघडतं. आणि लीना एका लहानशा, काहीच न बिघडलेल्या मनोऱ्यापाशी आल्यावर म्हणते, "मला इथं उतरायचंय." कारण विचारलं तर सांगत नाही. हत्यारांचा पट्टा काढून ठेवते, बूट काढून ठेवते, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवते आणि दाराशी उभी राहते. कप्तान नाना गोष्टी करतो. कॉफी करतो. जुने विनोद सांगतो. बिघडलेल्या दिव्यांचा नकाशा उघडून दाखवतो, बघ, एवढे राहिलेत. अख्खा भाग हेच. अगदी शेवटी, तिच्याकडं न वळता, तो शब्द देतो. दार उघडतं. ती उतरते. संपलं.

संपलं, आणि त्याच वेळी घरावरून विमान गेलं. तो घरघराट विरला.

मग मी फुटले. "ही काय रीत झाली? इतक्या वर्षांची सोबत, आणि कारण न सांगता चालली? आणि तो कप्तान! बावळट! शब्द त्याच्या तोंडात होता. धरून बसायचं की!"

मल्लूचं म्हणणं, लिहिणाऱ्यांना घाई झाली असणार, नटीला दुसरं काम मिळालं असणार. "कारण असायला पायजे वैजक्का. मशीन बंद पडतंय त्याला पण कारण असतंय."

सुमती उंबऱ्यावरून म्हणाली, "कारण कशाला पाहिजे?"

"म्हणजे?"

"तिचं झालं. पुरे झालं. त्याला कारण म्हणायचं तर म्हणा."

"आणि कप्तानाचं काय? त्यानं शब्द दिलाच नसता तर?"

"तर दार उघडलं नसतं. ती आत उभी राहिली असती." ती परत पावसाकडं वळली. "पण गेलेलीच असती की गं. आणि हा बसला असता जन्मभर त्या दाराची राखण करत."

आठवडाभर भांडलो. ऑफिसात, डबा खाताना, फोनवर. इंटरनेटवर तर जगभर धुमाकूळ चालू होता. कुणी लीनाला कृतघ्न म्हणत होतं, कुणी कप्तानाला संत. रात्रीचं जेवण सोडून मीही माझ्या मोडक्या इंग्रजीत तिथं हाणामारी करत होते. लीनाला परत आणा, असं लिहिणाऱ्यांच्या मी अगदी पुढं. सुमती तिथं काही लिहीत नव्हती. मी मुद्दाम तिच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवायची. ती ड्रॉइंगवरून मान वर न करता म्हणायची, "व्हय, हे पण बरोबर हाय." असल्या माणसाशी काय भांडणार कपाळ!

आता क्षमावाणी. दशलक्षण संपलं की जैन माणसं एकमेकांच्या दारी जातात आणि हात जोडून क्षमा मागतात. निपाणी-चिकोडीकडं हे नवं नाही. माझ्या बघण्यात मात्र सुमतीपासून आलं. पहिल्या वर्षी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली, चप्पल काढली, हात जोडले आणि म्हणाली, "वर्षभरात कळत-नकळत माझ्याकडनं काही चुकलं असलं, तुला दुखवलं असलं, तर क्षमा कर." मला इतकं अवघडल्यासारखं झालं! आमच्यात असं कोण मागतंय? आमच्यात भांडण झालं की चार दिवस गप्प बसायचं आणि पाचव्या दिवशी "चहा पिणार काय?" म्हणून विचारायचं, झाली क्षमा. मी अवघडलेपण झाकायला म्हटलं, "फुकट न्हाय मिळणार. स्क्रूचा भाग परत बघायचा माझ्याबरोबर." तिनं बघितला. मग "दिली" म्हटलं. तेव्हापासून आमची ही दरसालची देवघेव. एका वर्षी मी तिच्याकडून निपाणीची मिरची आणवली, एका वर्षी माझी सगळी ड्रॉइंगं तपासून घेतली. ती मागायची, मी अट घालायची, ती पुरी करायची, मी "दिली" म्हणायची. बाकीच्यांना ती एका वाक्यात उरकायची, माझ्याकडं तिला घासाघीस करावी लागायची. मला वाटायचं, हाच माझा मान.

त्या वर्षी ती क्षमावाणीला आली तेव्हा पाऊस बारीक लागलेला. छत्री मिटून दाराशी ठेवली, आधी आत जाऊन आईला भेटली. बराच वेळ आतच होती. बाहेर आली तेव्हा पदरात नारळ होता. मी म्हटलं, "हे काय, आईनं ओटी भरली? कुठं निघालीयस?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात जोडले. तेच वाक्य, नेहमीच्याच आवाजात.

मी पाय लांब करून बसले होते. म्हटलं, "यंदाची अट सांगू? कप्तान चुकला असं म्हण. एकदाच. मग देते."

ती हसली. "ते न्हाय जमायचं वैजू."

"मग न्हाय मिळायची."

"राहूंदे?"

"राहूंदे! बस तशीच."

ती हात जोडून आणखी थोडा वेळ उभी राहिली. लहान मुलाची समजूत निघेपर्यंत आई थांबते ना, तशी. मग साडेपाचला आमच्याबरोबर जेवली, दोडक्याची भाजी दोनदा मागून घेतली, आणि बसला उशीर नको म्हणून निघाली. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही. उद्या ऑफिसात भेटायचंच होतं की.

दुसऱ्या दिवशी तिचं टेबल मोकळं होतं. साहेब म्हणाले, "राजीनामा दिलाय. तुम्हाला माहीत असेल." मल्लूनं माझ्याकडं बघितलं, मी मल्लूकडं. घरी येऊन आईला सांगितलं तर आई चुलीपुढून उठलीच नाही. "दीक्षा घेणार हाय ती. मला सांगून गेली. तुला सांगितलं तर तू भांडशील म्हणाली."

भांडले तर होतेच. मी पुढच्याच रविवारी निपाणीची बस धरली. त्यांच्या घरामागं तंबाखूचं गोदाम. आत पाऊल टाकल्यावर ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, आणि थोड्या वेळानं तोच वास बरा वाटायला लागतो. तिचे वडील गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचो. मला बघून म्हणाले, "ये बाळ. बघ तुझं काय ऐकती का." मग आपणच मान हलवली. "लोक येत्यात, म्हणत्यात, अण्णा, तुम्ही भाग्यवान, धर्माला पोरगी दिली. आम्ही कुठं दिली? तिनं मागितली, आम्ही गप बसलो. गप बसलं की दिलं म्हणत्यात." त्यांनी माडीकडं हात केला.

सुमती माडीवर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, कुठली साडी कुणाला द्यायची ते बाजूला लावत. मी बसलेसुद्धा नाही. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. लग्नाचं कुणी बोललं काय, घरात काही झालं काय, ऑफिसात कुणी दुखवलं काय, डोक्याला काही झालंय काय. ती ऐकत राहिली. शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अगं, निदान एक कारण तरी सांग!"

"कारण असतं तर तू ते खोडून काढलं असतंस," ती म्हणाली. "तुझ्याशी वादात आजवर कोण जिंकलंय?"

मग घडी घातलेली एक निळी साडी माझ्याकडं सरकवली. मी घेतली नाही. घ्यायला हवी होती, निळा रंग मला शोभतो. ती तिनं बाजूलाच ठेवली, आणि हात जोडायला गेली. मी जिना उतरले. मला पक्कं माहीत होतं ती काय मागणार. माझ्या डोक्यात तेव्हा एकच खूळ होतं, की मी शब्द दिला नाही तर दार उघडणार नाही.

दार काय, अख्खा मांडव उघडला. चिकोडीकडच्या एका गावात, दीक्षेसाठी शेतात घातलेला. मी आणि मल्लू मोटारसायकलवरून गेलो आणि पार मागं बसलो. तिला नवरीसारखी नटवून मिरवत आणली होती. दागिने घातलेली सुमती मी पहिल्यांदाच बघत होते. मग तिनं माईकवर सगळ्यांची क्षमा मागितली. 'वर्षभरात'ऐवजी 'आयुष्यभरात' म्हणाली, बाकी तेच वाक्य, तोच आवाज. आचार्यांनी समाजाला विचारलं, परवानगी आहे ना? मांडवभर हात वर गेले. मल्लूचाही गेला. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला, तर तो डोळे पुसत म्हणाला, "काय करू अक्का, ती मागायलीय की!" माझे हात मांडीवर होते, तिथंच राहिले. नंतर तिनं दागिने उतरवले. मग स्वतःच्या हातानं स्वतःचे केस उपटायला सुरुवात केली. बायका हुंदके द्यायला लागल्या, पुरुष जयजयकार करायला लागले. ती जाड वेणी. दुपारी डबा खाऊन झाल्यावर ती माझ्याकडूनच घालून घ्यायची. मला पुढचं बघवलं नाही. मी उठून उसाच्या बांधावर जाऊन उभी राहिले आणि आत नवं नाव पुकारलेलं तिथूनच ऐकलं.

दोन नावांची आम्हाला सवय आहे. आमच्या बेळगावचं स्टेशनावरचं नाव एक, तोंडातलं एक. बसची पाटी एका भाषेत, कंडक्टरशी बोलणं दुसऱ्या. कुणाला त्यात अडचण येत नाही, चुकीच्या बसमध्ये कुणी चढत नाही. पण माणसाला दुसरं नाव लागलं की पहिल्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. फोनमध्ये तिचा नंबर अजून 'सुमे' नावानं आहे. तो आता दुसऱ्याच कुणाचा तरी असणार.

त्यानंतर आम्ही 'दिवे' बघणं सोडलं. बघण्यासारखं उरलंच नव्हतं, मालिकाही तिथंच संपली होती. मल्लू पुण्याला गेला. ऑफिसात त्या दोन टेबलांवर नवी मुलं आली. हुशार आहेत, कानात वायरी घालून बसतात. पण रविवारी साडेपाचला आमच्या घरी जेवण होतच राहिलं. आई पावणेपाचला भाजी टाकायची, कांदा-लसणाशिवाय. चातुर्मासात पालेभाजी नाही.  दोघी उजेडात जेवायचो, आणि मग ती लांबलचक संध्याकाळ अंगावर यायची. सात वाजता काय करायचं असतं माणसानं, सगळं उरकून बसल्यावर?

आणि आता लीना परत आली. मल्लूनं झलक पाठवली, ती मी पायरीवर बसूनच बघितली. मनोऱ्याच्या दारात लीना उभी. केस कापलेले. यान खाली उतरतं, कप्तान हात पुढं करतो. ती धावत येते, बूट घालते, पट्टा बांधते. खाली जगभरातल्या माणसांचे आनंदाश्रू. चार वर्षं ज्यासाठी घसा फोडला, ते अगदी तसंच, माझ्या मनासारखं.

मला असा संताप आला की काय सांगू! कशाला आणलं तिला? कुणी सांगितलं होतं? तिनं पट्टा काढून ठेवला होता, शांतपणे, एकेक वस्तू. आणि तुम्ही तिला ओढून परत ते बूट घालायला लावलेत, का तर आम्हाला करमत नाही म्हणून. ती झलक मी पुन्हा बघितली. लीना हसत होती, पण मला ते हसणं पटेना. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्या उंबऱ्यावरून बोलत होते, सुमती बसली होती तिथून. आणि माझं म्हणणं ऐकायला ती तिथं नव्हती.

आई आतून म्हणाली, "उद्या क्षमावाणी हाय." तिला हे कसं कळतं कोण जाणे. मग म्हणाली, "सुमतीमाताजींचा..." आणि थांबली, कारण ते नाव आता नव्हतं. "त्यांच्या संघाचा चातुर्मास यंदा बेळगावजवळच हाय. बाजारात कळलं. मी जाणार. तू न्हाय आलीस तरी चालंल, रिक्षानं जाईन."

"रिक्षा कशाला? स्कूटर काय शेणानं सारवायला ठेवलीय?" मी म्हटलं.

दुसरा दिवस रविवार. दुपारी निघालो. बस्तीच्या, म्हणजे त्यांच्या देवळाच्या, बाहेर चपलांचा ढीग, चिखलात रुतलेला. आत बायकांची रांग. पुढच्या एका बाईनं मला आपादमस्तक बघितलं आणि हळूच सांगितलं, "माताजींना 'वंदामि' म्हणायचं. शिवायचं न्हाय." मी मान हलवली. जिची वेणी घातली तिला आता शिवायचं नाही. आईचे गुडघे दुखत होते, ती माझ्या दंडाला धरून पुढं सरकत होती.

ती लाकडी पाटावर बसली होती. पांढरी साडी, डोक्यावर पदर, पदराखाली केसांचे खुंट. खूप वाळलेली. हातात मोरपिसांची पिंछी. प्रत्येक बाई वाकायची, हात जोडून क्षमा मागायची, ती पिंछी उचलून आशीर्वाद द्यायची, "धर्मवृद्धिरस्तु." सगळ्यांना तेच, तेवढंच, त्याच आवाजात. आईलाही. आई रडत बाजूला झाली.

माझी पाळी. येताना वाटभर बोलणं तयार केलं होतं. लीनाला परत आणलंय, सांगायचं होतं. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, तेही. कप्तान चुकला नव्हता. समोर आल्यावर बघितलं, तर तिच्या पाटापाशी एक मुंगी चालली होती आणि ती मुंगी जाईपर्यंत तिनं पिंछी खाली टेकवली नव्हती. माझं सगळं बोलणं तिथंच संपलं.

"वंदामि," मी म्हटलं. मग म्हटलं, "दिली."

मागची बाई कुजबुजली, "दिली न्हाय, मागायची असती!"

"दिली," मी पुन्हा म्हटलं. 

पिंछी उचललेली तशीच राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं की माझ्या मागच्या भिंतीकडं, मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मग "धर्मवृद्धिरस्तु" म्हणाली, सगळ्यांना म्हणत होती तसंच. मी बाजूला झाले. मागच्या बाईनं वाकून नीट, रीतसर मागितली. रांग सरकत राहिली.

आईला मागं बसवून घरी निघालो.  सांबऱ्याच्या वळणावर भाताला वारा लागला होता. मल्लूचा फोन येऊन गेला होता, मी परत केला आणि सांगितलं, "तू बघ. कसं हाय ते मला सांगू नकोस." तो "का गं?" म्हणाला. मी कारण दिलं नाही.

पावणेपाचला आई विळीपाशी बसली. पुढ्यात दोडकी. दोन चिरून झाली आणि तिचा हात थांबला. टोपलीकडं बघत, माझ्याकडं न वळता तिनं विचारलं, "कांदा घालू काय गं?"

मी दाराशी उभी होते. पाऊस थांबला होता, अंगणात खड्ड्यांतलं पाणी अजून चमकत होतं.

"घाल," मी म्हटलं.